डी ग्रेडवाली मुलगी आणि हायस्कूलच्या कादंबऱ्यांची गोष्ट

आजचा एपिसोड जरा वेगळा आहे. राजे नाहीत, लढाया नाहीत, तह नाहीत. आज आपण हायस्कूलचा इतिहास बघणार आहोत, आणि हायस्कूलमध्ये ज्यांचं कधीच कुणाशी जमलं नाही अशा पोरांवर लिहिलेल्या पुस्तकांचा. नेटफ्लिक्सवर तुम्ही अशा दहा तरी सिरीज पाहिल्या असतील. कॅन्टीनमध्ये ट्रे हातात घेऊन एक मुलगा उभा असतो आणि त्याला कुठल्या टेबलावर बसावं हेच कळत नाही. हा सीन आता इतका घासून गुळगुळीत झालाय की तो कुणीतरी कधीतरी पहिल्यांदा लिहिला असेल, असं आपल्या डोक्यातही येत नाही.

आधी शाळेबद्दल बोलू, कारण मुद्दा तिथेच आहे.

अमेरिकेत १९१० साली १८ वर्षांच्या दर १०० मुलामुलींपैकी साधारण ९ जण हायस्कूल पूर्ण करायचे. १९४० साली हा आकडा ५० च्या आसपास गेला. तीस वर्षांत! याची तयारी आधीपासून चालू होती. १८७४ मध्ये मिशिगनच्या सुप्रीम कोर्टाने कॅलामझू गावाच्या खटल्यात निकाल दिला की लोकांच्या करातून हायस्कूल चालवायला हरकत नाही. मग गावोगावी हायस्कुलं उघडली. १९२९ नंतर महामंदी आली, मोठ्यांनाच काम मिळेना, तिथे पोरांना कोण ठेवणार? मग पोरं शाळेत. याआधी पंधरा वर्षांचा मुलगा म्हणजे शेतावरचा किंवा कारखान्यातला लहान वयाचा कामगार होता. आता तो दिवसभर आपल्याच वयाच्या शेकडो, कधी हजारो मुलांबरोबर एका इमारतीत बसू लागला. 'टीनएजर' हा शब्द सर्रास वापरात आला तोही १९४० च्या दशकात, हा योगायोग नाही.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, त्यामुळे मला हे असं दिसतं. तुम्ही लाखो युजर्ससाठी एकच सिस्टिम बनवली की ती 'सरासरी' युजरसाठी बनते. आणि सरासरी युजर प्रत्यक्षात कुणीच नसतो. म्हणजे मिसफिट मुलं आधी होती आणि मग शाळेत आली, असं नाही. शाळेने साचा बनवला, म्हणून साच्यात न बसणारे दिसायला लागले.

आता या मुलांनी वाचायचं काय? लहान मुलांच्या विभागात परीकथा आणि घोड्यांच्या गोष्टी, मोठ्यांच्या विभागात जाड कादंबऱ्या. मधे मोकळी जागा. ती जागा पहिल्यांदा ओळखली ग्रंथपालांनी. बाल्टिमोरच्या इनॉक प्रॅट लायब्ररीत मार्गारेट एडवर्ड्स नावाच्या बाई होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या घोडागाडीत पुस्तकं भरून गरीब वस्त्यांमध्ये न्यायच्या. १९५७ मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने या वयासाठी वेगळा विभागच काढला. 'यंग अडल्ट' हा शब्द प्रकाशकांच्या मार्केटिंगवाल्यांनी लोकप्रिय केला असं आपल्याला वाटतं, पण त्याच्या कितीतरी आधी तो लायब्ररीच्या कपाटावर लागला होता.

कपाट तयार होतं, पुस्तकं मात्र मिळमिळीत होती. मॉरीन डेली यांची १९४२ ची 'सेव्हन्टीन्थ समर' चांगली आहे, पण ती सुट्टीतल्या पहिल्या प्रेमाची गोष्ट. तिच्यानंतर तसल्याच पुस्तकांची रांग लागली. डान्सला कोण विचारेल, मॅच कोण जिंकेल, आणि शेवटी सगळं छान.

तुमच्यातले काही जण म्हणतील, अरे, मग 'द कॅचर इन द राय'? बरोबर. १९५१, सॅलिंजर. हॉल्डन कॉलफिल्ड हा मिसफिटांचा बादशहा. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक तर ते पुस्तक मोठ्यांसाठी म्हणून आलं. आणि दुसरं म्हणजे हॉल्डनला शाळेतून काढलेलं असतं आणि तो सरळ बॅग उचलून न्यूयॉर्कला जातो. हॉटेलात राहतो, टॅक्सीने फिरतो. खिशात घरचे पैसे आहेत ना! आपल्याकडे 'कोसला' आली १९६३ मध्ये, नेमाडे तेव्हा पंचविशीत. तिची तुलना हॉल्डनच्या गोष्टीशी नेहमी होते. पण पांडुरंग सांगवीकरसुद्धा कॉलेजात आणि होस्टेलवर. ज्याला उद्या सकाळी परत त्याच वर्गात, त्याच पोरांच्या समोर बसायचंय, पळून जायला जागाच नाही, अशा मुलाची गोष्ट अजून कुणी नीट सांगितली नव्हती.

ती सांगितली टल्सामधल्या एका शाळकरी मुलीने.

टल्सा म्हणजे ओक्लाहोमा राज्यातलं तेलाच्या पैशावर वाढलेलं शहर. तिथल्या विल रॉजर्स हायस्कूलमध्ये सुझन इलॉईज हिंटन शिकत होती. जन्म १९४८ चा. घोड्यांचं वेड, मुलींमध्ये कमी आणि मुलांच्या टोळक्यात जास्त रमणारी. शाळेत दोन टोकं होती. एका बाजूला 'ग्रीझर्स', म्हणजे केसांना तेल चोपडून फिरणारी गरीब वस्तीतली पोरं. दुसऱ्या बाजूला 'सोशेस', म्हणजे श्रीमंत घरची, गाड्या असलेली, डान्स-पार्टीवाली. आपल्याकडे हे समजायला सोपं आहे. मार्कांवरून पाडलेल्या तुकड्या आठवा. अ तुकडी आणि ड तुकडी. एकच गणवेश, एकच मधली सुट्टी, पण कोण कुणाशी बोलतं हे ठरलेलं. फरक एवढाच की टल्सात तुकडी मार्कांवर नाही, बापाच्या पैशांवर पडत होती. (आपल्याकडेही शेवटी बरेचदा तसंच व्हायचं, पण तो वेगळा एपिसोड.)

सुझनच्या ओळखीच्या एका मुलाला घरी जाताना दुसऱ्या गटाच्या पोरांनी मारलं. कारण काय, तर तो ग्रीझर दिसत होता. ती घरी आली आणि टाईपरायटरवर बसली. तेव्हा ती १५ वर्षांची होती. पुस्तकाचं बरंचसं काम पुढच्या वर्षी झालं, आणि त्याच काळात तिच्या वडिलांना मेंदूचा ट्यूमर झाला होता. घरात बाप मरणाच्या दारात, आणि ही खोलीत बसून आईबाप नसलेल्या तीन भावांची गोष्ट लिहितेय. यावर मी जास्त काही बोलत नाही, तुम्हीच विचार करा.

आणि हो, त्याच वर्षी तिला शाळेत क्रिएटिव्ह रायटिंगमध्ये 'डी' मिळाला. कादंबरी लिहिण्याच्या नादात वर्गाचं काम राहून गेलं होतं! शाळेचा साचा कसा चालतो याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला अजून मिळालेलं नाही. तिच्याकडून जे अपेक्षित होतं तेच ती शंभर पट करत होती, पण गृहपाठाच्या रकान्यात त्याला जागा नव्हती.

शाळेतल्या एका मैत्रिणीची आई मुलांसाठी लिहायची. त्या ओळखीतून हस्तलिखित न्यूयॉर्कच्या एजंटपर्यंत गेलं. बारावीच्या निरोप समारंभाच्या दिवशी तिला कळलं की व्हायकिंग प्रेस पुस्तक छापणार आहे. २४ एप्रिल १९६७ ला 'द आउटसायडर्स' बाजारात आलं. लेखिका १८ वर्षांची. पण मुखपृष्ठावर नाव होतं 'एस. ई. हिंटन'. प्रकाशकाला भीती होती की टोळीयुद्धाचं पुस्तक एका मुलीने लिहिलंय म्हटल्यावर समीक्षक न वाचताच नाक मुरडतील. अनेक वाचक वर्षानुवर्षं तिला मुलगाच समजत राहिले. मिसफिटांचं पुस्तक छापून यायलासुद्धा लेखिकेला साच्यात बसावं लागलं.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोनीबॉय कर्टिस, वय १४. आईवडील अपघातात गेलेले. थोरला भाऊ डॅरी २० वर्षांचा, तो राबून घर चालवतोय. मधला सोडापॉप शाळा सोडून पेट्रोल पंपावर. एका रात्री बागेत मारामारी होते, श्रीमंत पोरं पोनीबॉयचं डोकं कारंज्याच्या पाण्यात दाबून धरतात, आणि त्याचा घाबरट मित्र जॉनी सुरा काढतो. एक मुलगा मरतो. दोघं पळून एका पडक्या चर्चमध्ये लपतात. पुढचं सांगत नाही.

शेवटाची फक्त एक गोष्ट सांगतो, कारण आजच्या विषयाला ती लागते, ज्यांना स्पॉयलर नको त्यांनी अर्धा मिनिट पुढे जा. या सगळ्या प्रकारानंतर पोनीबॉय इंग्रजीत नापास व्हायच्या बेतात असतो. सर म्हणतात, एक चांगला निबंध लिहून दे, पास करतो. तो लिहायला बसतो, आणि आपल्याला कळतं की आपण जे वाचलं तोच हा निबंध. म्हणजे 'डी' मिळालेल्या मुलीने एक अख्खं पुस्तक लिहिलं, ज्यात नापास होणारा मुलगा निबंधात स्वतःचं खरं आयुष्य लिहून देतो. माझ्या मते तिने शाळेला दिलेलं हे उत्तर होतं. तिने असं कुठे म्हटलंय म्हणून नाही, मला वाचताना तसं वाटतं म्हणून सांगतोय.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या पुस्तक पुरवणीत तिने लेख लिहिला. आशय असा की टीनएजर्ससाठी लिहिणारी मोठी माणसं खऱ्या टीनएजर्सपासून फार लांब राहिली आहेत, मुलांना गोड गोष्टी नकोत. अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी देशातल्या एवढ्या मोठ्या पेपरात लेखकांना शिकवत होती!

पण नुसतं चांगलं लिहून पुस्तक चालत नाही, हे तुम्हाला माहितीये. इथे दोन गोष्टी कामाला आल्या. १९६५ मध्ये अमेरिकेत शिक्षणाचा मोठा कायदा झाला, आणि त्यात शाळांची ग्रंथालयं आणि पुस्तकं यांच्यासाठी १० कोटी डॉलरची तरतूद होती. शाळांच्या हातात पहिल्यांदाच पुस्तकांसाठी एवढा पैसा आला. दुसरी गोष्ट स्वस्त पेपरबॅक, जे मुलं मागच्या खिशात घालून फिरू शकत होती. शिक्षकांनी हे पुस्तक वर्गात वाचायला घेतलं, कारण एरवी पुस्तकाला हात न लावणारी मागच्या बाकावरची मुलं ते संपवत होती. आजपर्यंत त्याच्या एक कोटीपेक्षा जास्त प्रती गेल्यात.

लेखिकेचं मात्र वेगळंच झालं. एवढं नाव झाल्यावर काही वर्षं तिला लिहिताच येईना. शेवटी तिच्या बॉयफ्रेंडने (पुढे नवरा) अट घातली, रोज दोन पानं लिहिल्याशिवाय आपण बाहेर फिरायला जायचं नाही. दुसरी कादंबरी 'दॅट वॉज देन, धिस इज नाऊ' आली १९७१ मध्ये. रोज दोन पानं. आमच्याकडे याला स्प्रिंट म्हणतात, फक्त आमच्यानंतर कुणी फिरायला नेत नाही.

आता फ्रेझ्नोची गोष्ट, माझी सगळ्यात आवडती. १९८० साल. कॅलिफोर्नियात फ्रेझ्नोजवळ लोन स्टार नावाची शाळा. तिथल्या ग्रंथपाल जो एलन मिसाकियन यांच्या लक्षात आलं की पोरं एका पुस्तकावर तुटून पडतात. पोरांना त्याचा सिनेमा हवा होता. त्यांनी फ्रान्सिस फोर्ड कोपोलाला पत्र लिहिलं. गॉडफादरवाला कोपोला! सोबत पुस्तकाची प्रत आणि शंभरेक विद्यार्थ्यांच्या सह्या. एका छोट्या गावातल्या शाळेने हॉलिवूडमधल्या इतक्या मोठ्या दिग्दर्शकाला अर्ज केला, आणि तो मंजूर झाला. कोपोलाने १९८२ मध्ये टल्सात जाऊन शूटिंग केलं, मार्च १९८३ मध्ये सिनेमा लागला. त्यात कोण होते बघा: मॅट डिलन, पॅट्रिक स्वेझी, रॉब लो, 'कराटे किड'चा राल्फ मॅचियो आणि फारसा माहीत नसलेला टॉम क्रूझ. हिंटनबाई स्वतः नर्सच्या छोट्या भूमिकेत आहेत. आणि सिनेमा त्या ग्रंथपालांना आणि लोन स्टारच्या विद्यार्थ्यांना अर्पण केलेला आहे.

म्हणजे पुस्तक लिहिलं विद्यार्थिनीने, ते गावोगावी पोचवलं शिक्षकांनी, आणि पडद्यावर नेलं विद्यार्थ्यांच्या सह्यांनी. मोठमोठ्या प्रकाशकांचा वाटा यात आहे, नाही असं नाही, पण ते बरेचदा मागून येत होते.

आणि मग विरोध. १९८६ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या साउथ मिलवॉकीत या पुस्तकावर आक्षेप आला. दारू आणि नशा हा मुद्दा होताच, पण दुसरा मुद्दा ऐका: यातली जवळजवळ सगळी पात्रं मोडलेल्या घरांतली आहेत! आता मोडलेल्या घरातलाच एखादा मुलगा त्या वर्गात बसला असेल तर त्याने यातून काय समजायचं? त्याच्यासारख्या घराची गोष्ट वर्गात वाचायच्या लायकीची नाही, हेच ना?

हिंटनच्या पुस्तकात निदान मित्र एकमेकांना धरून राहतात. १९७४ मध्ये रॉबर्ट कॉर्मियरने तोही आधार काढून घेतला. हा मॅसॅच्युसेट्समधला पत्रकार. त्याचा मुलगा पीटर एक दिवस शाळेतून चॉकलेटं घेऊन आला, शाळेसाठी पैसे जमवायला ती विकायची होती. मुलगा म्हणाला, मला नाही विकायची. बाप म्हणाला, ठीक आहे. दुसऱ्या दिवशी चॉकलेटं परत केली, कुणी काही बोललं नाही. विषय संपला. पण बापाच्या डोक्यात किडा वळवळला: समजा विषय संपला नसता तर? त्यातून आली 'द चॉकलेट वॉर'. जेरी नावाचा मुलगा चॉकलेट विकायला नाही म्हणतो, आणि शाळेतली गुप्त टोळी आणि एक शिक्षक मिळून त्याला संपवायला निघतात. शेवट इतका कडू की बऱ्याच प्रकाशकांनी तो बदला म्हणून सांगितलं. कॉर्मियरने बदलला नाही. हे पुस्तक २००४ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनीसुद्धा, अमेरिकेत सगळ्यात जास्त आक्षेप आलेल्या पुस्तकांच्या यादीत पहिल्या नंबरवर होतं.

पण याच कडू माणसाने काय केलं माहितीये? १९७७ च्या 'आय अॅम द चीज' या कादंबरीत एका मुलीचा फोन नंबर म्हणून त्याने स्वतःच्या घरचा नंबर छापला. पोरं खरंच फोन करायची. आणि तो घ्यायचा, त्यांच्याशी बोलायचा.

मधली पंचवीस वर्षं मी पळवतो. या काळात हायस्कूलचा मिसफिट सिनेमात गेला आणि बराच गोंडस झाला. शेवटी चष्मा काढला की सुंदर दिसणारी मुलगी, तो सगळा प्रकार. माझं वैयक्तिक मत, त्यात मिसफिटला वाचवत नाहीत, फिट करतात.

मग १९९९. फेब्रुवारीत स्टीफन चबॉस्कीची 'द पर्क्स ऑफ बीइंग अ वॉलफ्लॉवर' आली, एमटीव्हीच्या पुस्तक-मालिकेत. पंधरा वर्षांचा चार्ली एका अनोळखी मित्राला पत्रं लिहितो. त्याच वर्षी पुढे लॉरी हाल्स अँडरसनची 'स्पीक' आली. नववीतल्या मेलिंडाने एका पार्टीत पोलिसांना फोन केला म्हणून सगळी शाळा तिच्याशी अबोला धरते. तिच्यावर बलात्कार झाला होता, हे कुणाला माहीतच नाही, आणि ती बोलणंच जवळजवळ बंद करते.

या दोन पुस्तकांच्या मधे, २० एप्रिल १९९९ ला, कोलोरॅडोमध्ये कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार करून १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाचा जीव घेतला. त्यानंतर अमेरिकन शाळांमध्ये गप्प बसणारा, काळे कपडे घालणारा, एकटा जेवणारा मुलगा हा संशयित झाला. अशा वेळी ही पुस्तकं त्या गप्प बसणाऱ्याच्या बाजूने बोलत होती: अरे, तो गप्प का आहे हे विचारा तरी! ही पुस्तकंही अनेकदा बंदीच्या यादीत आली, आणि विशेष म्हणजे आक्षेप बहुतेक वेळा तिथेच, जिथे मुलगा किंवा मुलगी आपल्यावर काय झालं ते सांगते.

एक गोष्ट बघा. पोनीबॉय निबंध लिहितो. चार्ली पत्रं लिहितो. मेलिंडा चित्रकलेच्या तासाला झाड काढते, पुन्हा पुन्हा, जमेपर्यंत. शाळेतून जिवंत बाहेर पडायचा त्यांचा रस्ता एकच आहे, आणि तो म्हणजे कुठेतरी खरं मांडायचं. तिघांपैकी दोघांना तर ही जागा शाळेतल्याच एका शिक्षकाने दिलेली आहे. शाळेला शिव्या घालणाऱ्या या पुस्तकांत एक तरी चांगला मास्तर सापडतोच.

मराठीत? मिलिंद बोकिलांची 'शाळा', २००४. आणीबाणीच्या काळातली नववी, मुकुंद जोशी, आणि त्याची गँग. ती छापली गेली मोठ्यांची साहित्यिक कादंबरी म्हणून, पण वाचली आणि पाठ केली शाळाकॉलेजच्या पोरांनी. मी ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला वाचली, आणि होस्टेलवरची आमची प्रत हातोहात फिरून इतकी फाटली की शेवटची पानं वेगळ्या पिशवीत ठेवावी लागायची. पण चौदा वर्षांच्या मुलासाठी, त्याच्या वयाच्या कुणीतरी, आत्ताच्या शाळेबद्दल मराठीत लिहिलेलं? जिल्हा परिषदेच्या शाळेतून इंग्लिश मीडियममध्ये आलेल्या मुलीचं, कोटा-लातूरच्या क्लासमध्ये कोंबलेल्या मुलाचं? असं पुस्तक मी तरी अजून हातात घेतलेलं नाही. दहावीच्या वर्षी आपण पोरांकडून शेकडो निबंध लिहून घेतो, 'माझा आवडता ऋतू' आणि 'मी पंतप्रधान झालो तर'. त्यात खरं लिहिलं तर मार्क जातात हे सगळ्यांना माहीत असतं.

टल्सात जिथे सिनेमाचं शूटिंग झालं ते कर्टिस भावांचं घर पडायला आलं होतं. २०१६ मध्ये 'हाउस ऑफ पेन' या बँडमधल्या डॅनी बॉय ओ'कॉनर या रॅपरने ते विकत घेतलं, आणि आता तिथे म्युझियम आहे. २०२४ मध्ये 'द आउटसायडर्स'च्या म्युझिकलला ब्रॉडवेवरचं सगळ्यात मोठं टोनी पारितोषिक मिळालं.

सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर मी 'द आउटसायडर्स' सांगेन. इंग्रजी सोपं आहे, पुस्तक बारीक आहे, दोन लोकल प्रवासांत संपतं. 'चॉकलेट वॉर' मात्र परीक्षेच्या आधी वाचू नका.

आणि तुमच्यापैकी कुणी शाळेत असाल आणि असलं काही लिहीत असाल, तर मला पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये वाचू. नाव गुप्त ठेवू, आणि ग्रेड देणार नाही.